अठरा तासांचा अभ्यास आणि माझी कंबर



९ एप्रिलचा रविवार. दौंडच्या आमच्या वस्तीतल्या विहारात सलग अठरा तास अभ्यासाचा कार्यक्रम होता. सकाळी सहाला बसायचं, रात्री बाराला उठायचं. गेली नऊ वर्षं या कार्यक्रमाची वर्गणी, सतरंज्या, चहा आणि पोरांना घराघरांतून ओढून आणणं हे सगळं मी करत आलोय. यंदा सुरुवातीला दहा मिनिटं बोललो, अभ्यासाला बसलो आणि तिसऱ्या तासाला पुस्तक उघडंच ठेवून भिंतीकडेला गेलो. तिथे आडवा झालो.

पोरं हसली. पोरांचं काही नाही, ती हसणारच. पण मागून एका जुन्या कार्यकर्त्याचा आवाज आला, "बाबासाहेब अठरा-अठरा तास बसायचे. आपल्याला तीन तास जमेनात." त्यांनी नाव घेतलं नाही. विहारात त्या वेळी आडवा मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराच्या माणसाचा फोन. माझं भाषण करतानाचं छायाचित्र कुणीतरी हौसेने व्हॉट्सअॅपवर टाकलं होतं. हातात माइक, मागे बाबासाहेबांची तसबीर. फिरत फिरत ते रांजणगावच्या शॉपमध्ये पोचलं. "भाषणाला कंबर चालते, मशीनला चालत नाही होय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मी दहा मिनिटं उभा होतो, साहेब." तो म्हणाला, "फोटोत तर ठणठणीत दिसतोयस."

एका दिवसात दोन्हीकडून एकच आरोप. आपल्या माणसांना वाटलं मी कामचुकार झालो, आणि मालकाच्या माणसालाही तेच वाटलं. हा लेख त्यातून लिहितोय. बसून सलग अर्ध्या तासाच्या वर लिहिता येत नाही, म्हणून बराचसा पोटावर पडून, मोबाइलवर.

आधी दुखण्याचं सांगतो, कारण ते दिसत नाही. मणक्यातली गादी सरकली आहे आणि नस दबली आहे. कळ डाव्या कुल्ल्यातून निघते, मांडीच्या मागून पोटरीत उतरते आणि अंगठ्याशी जाऊन थांबते. कधी ठणका असतो, कधी नुसत्या मुंग्या, आणि कधी पाय आपला आहे की नाही तेच कळत नाही. शिंक येईल याची मला एवढी भीती वाटेल असं आयुष्यात वाटलं नव्हतं. शिंक आली की भिंत धरतो. पायमोजे थोरला पोरगा घालून देतो. संडासला खाली बसता येत नाही म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडून घेतलंय. हे लिहायला लाज वाटली, मग वाटलं, अशीच खुर्ची वस्तीत अजून दोन घरांत आहे, तिथेही कुणी बोलत नाही.

रांजणगाव एमआयडीसीत सहा वर्षं मी एकाच मशीनवर आहे. बावीस किलोचा कास्टिंगचा तुकडा पॅलेटवरून उचलायचा, वळायचं, मशीनमध्ये बसवायचा, झाला की काढायचा. एका शिफ्टला सुमारे तीनशे. नुसतं चढवायचंच गणित केलं तरी साडेसहा टनांच्या वर जातं. वर एक उचलयंत्र लावलेलं होतं. ते बंद पडलं आणि पुढे दुरुस्त झालंच नाही, कारण आमच्या हातांनी टार्गेट पूर्ण होत होतं. जानेवारीत एका रात्रपाळीला तुकडा उचलून वळलो आणि आतून काहीतरी निसटल्यासारखं झालं. तुकडा खाली टाकला नाही. माल खराब झाला असता. ही माझी हुशारी की मूर्खपणा, अजून ठरवता आलेलं नाही.

१ जानेवारीला पेरण्याच्या विजयस्तंभाजवळ स्वयंसेवक म्हणून दिवसभर उभा होतो, तेव्हाच पायाला मुंग्या येत होत्या. कुणाला बोललो नाही. त्या दिवशी तिथे लाखो लोक असतात, म्हाताऱ्या बाया पोरांना कडेवर घेऊन चालत येतात. त्यांच्यासमोर मी कंबर दुखते म्हणून बसू?

आमचे वडील दौंडला रेल्वेच्या गँगमध्ये होते. घण, फावडं, खडी, ऊन. त्यांचीही कंबर गेली होती. पण त्यांच्या तोंडी एक शब्द होता, 'सिक'. "मी आठ दिवस सिकमध्ये आहे," असं ते अगदी ताठ मानेने सांगायचे. रेल्वेच्या दवाखान्यात जायचं, सिकचा कागद घ्यायचा, बरं वाटलं की फिटचा कागद घ्यायचा आणि परत गँगवर. त्या दिवसांत ते दारात खाट टाकून पडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे. लपायचे नाहीत. कायम नोकरी होती. अनुसूचित जातींसाठी सरकारी नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा ऑगस्ट १९४३ मध्ये बाबासाहेबांच्या प्रयत्नाने मिळाल्या, त्या वाटेने आमच्या घरात पहिला पगार आला, आणि पगाराबरोबर आजारी पडायचा हक्कही आला. पगाराचं आपण नेहमी बोलतो. दुसऱ्या गोष्टीचं बोलत नाही.

आई मात्र खुरपायला जायची. तिच्या कंबरेला सिक नव्हतं. पदर कंबरेला आवळून बांधायची आणि जायची. "उसण भरली," म्हणायची, बस्स. मेली तोवर तिच्या दुखण्याला कुठल्याच कागदावर नाव मिळालं नाही. माझी बायको शाळेत पोषण आहार शिजवते. तिला बरं नसलं तर तिने बदली बाई द्यायची, आणि त्या दिवसाचे पैसे बदलीचे. पुढे ऊसतोडीकडे बघा. चौफुल्यापासून न्हावऱ्यापर्यंतच्या रस्त्याला हंगामात ज्या कोप्या दिसतात, तिथे एक दिवस पडून राहिलं तर त्याला खाडा म्हणतात आणि त्याचा दंड उचलीतून कापला जातो. पाळीच्या दुखण्याने खाडा पडू नये म्हणून बीडच्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतली, त्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. म्हणजे दुखणं सगळ्यांना आहे. रजा कुणाला आहे, हा प्रश्न आहे.

मला रजा मिळाली ती ई.एस.आय.मुळे. यातलं थोडं सविस्तर सांगतो, कारण शॉपमधल्या किती पोरांना हे माहीत नाही ते पाहून मी थक्क झालोय. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे पाऊण टक्का कापले जातात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यातून आजारपणात वर्षाला ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळतात. पहिले दोन दिवस सोडून. मी १३ फेब्रुवारीपासून रजेवर आहे, म्हणजे १६ मेपर्यंत. या काळात आजारपणाचा लाभ घेणाऱ्याला मालक कामावरून काढू शकत नाही, हे १९४८ च्या कायद्याच्या ७३व्या कलमात होतं. तो फोन आला तेव्हा मला हे पाठ होतं. तरी आवाज कापला.

ही योजना आकाशातून पडलेली नाही. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम दिलं गेलं, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, १९४८ मध्ये कायदा झाला. कायदा झाला तेव्हा मजूर खातं जगजीवनराम यांच्याकडे होतं, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण पाया आधीच घातला होता. आणि याच माणसाने १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती आणून कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला.

ज्यांनी कामगाराचे तास कमी केले, त्यांची जयंती आपण पोरांना अठरा तास एका जागी बसवून साजरी करतो. मी नऊ वर्षं केली. अभ्यासाला माझा विरोध नाही. त्या कार्यक्रमातून आमच्या वस्तीत दोन पोरं पोलीस भरतीत लागली, एक पोरगी नर्सिंगला गेली. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण बाबासाहेबांचे तास मोजले आणि त्यांचं शरीर विसरलो.

ते शरीर कसं होतं? मधुमेह होता. पायांतल्या नसांचं दुखणं होतं. संविधानाचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये पूर्ण झाला, त्या सुमारास त्या कळांनी त्यांना रात्र-रात्र झोप नव्हती. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार चालू होते, तिथेच डॉ. शारदा कबीर भेटल्या आणि १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत लग्न झालं. त्याच माईसाहेब. त्या घरात डॉक्टर म्हणूनही होत्या हे विसरून त्यांच्यावर काय काय बोललं गेलं, तो वेगळा लेख होईल.

५ नोव्हेंबर १९४८ ला टी. टी. कृष्णमाचारी यांनी संविधान सभेत मसुदा समितीच्या सातजणांचं काय झालं ते सांगितलं. एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत होते, एक राज्यकारभारात गुंतलेले, एक-दोघे दिल्लीपासून लांब होते आणि कदाचित प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. सगळा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. हा प्रसंग मी किती भाषणांत सांगितलाय! टाळ्या हमखास. पण पोटावर पडून तो परत वाचला तेव्हा 'प्रकृती' या शब्दाशी अडलो. प्रकृतीचं कारण ज्यांना चालू शकत होतं ते घरी राहिले. ती माणसं खरंच आजारी असतील, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण ज्यांची रात्र पायाच्या कळांनी जात होती, त्यांना ते कारण देता येत नव्हतं. २६ नोव्हेंबर १९४९ ला राजेंद्रप्रसादांनी समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांच्या खालावलेल्या प्रकृतीचा उल्लेख करून त्यांच्या कामाचा गौरव केला. म्हणजे सभागृहाला दिसत होतं. दिसत होतं आणि काम त्यांच्यावरच होतं. यात अभिमान वाटण्यासारखं जेवढं आहे तेवढंच संताप येण्यासारखंही आहे, असं मला आता वाटतं.

अजून एक तारीख. १० ऑगस्ट १९५१. बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहिलं. डॉक्टर महिनाभराच्या सलग उपचाराचा आग्रह धरत आहेत, तो आता पुढे ढकलता येणार नाही, म्हणून हिंदू कोड बिल १६ ऑगस्टला घ्यावं आणि १ सप्टेंबरपर्यंत संपवावं, असा त्याचा आशय होता. आधी बायकांचा हक्क, मग स्वतःचा उपचार. बिल १७ सप्टेंबरला चर्चेला आलं आणि चार कलमांनंतर गुंडाळून ठेवलं गेलं. उपचारही लांबला, बिलही गेलं. २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. पाच वर्षांनी ते गेले, पासष्टाव्या वर्षी.

इथे कुणी मला अडवेल. मग बाबासाहेबांनी दुखणं सोसूनच काम केलं ना? तूही कर. हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो, आणि खरं सांगायचं तर काही रात्री त्याचं उत्तर मला देता येत नाही. पण एवढं कळतं की त्यांनी स्वतः सोसलं आणि दुसऱ्यासाठी कायदा मात्र न सोसण्याचा केला. स्वतःच्या पायाला त्यांनी रजा दिली नाही, आडारकरांना मात्र कामगाराच्या रजेची योजना करायला बसवलं. त्यांच्या सोसण्याची नक्कल करायची की त्यांच्या कायद्याचा वापर करायचा? माझ्या ठेकेदाराला पहिली गोष्ट फार आवडेल.

कारण सोसण्याचं कौतुक फुकटचं नसतं. आमच्या शॉपमध्ये लोडिंगला माणूस हवा असला की सुपरवायझर म्हणतो, "तुमची माणसं दणकट असतात." तो शिवी देत नसतो, खरंच कौतुक करत असतो. कुठल्याही कंपनीच्या गेटवर उभं राहून लोडिंगच्या पोरांची आडनावं वाचा आणि ऑफिसातल्यांची वाचा. दणकटपणा कुठून कुठे वाटला गेलाय ते कळेल. आणि तेच 'दणकट' आपण चळवळीत आपल्याच पोरांना म्हणतो. आमचा कार्यकर्ता थकत नाही, आमचा कार्यकर्ता झोपत नाही. मी म्हटलेलं आहे, माइकवर म्हटलेलं आहे.

आता बुद्धाकडे येतो. मज्झिम निकायातलं सेख सुत्त मी या रजेत वाचलं. कपिलवस्तूला शाक्यांनी नवं सभागृह बांधलं आणि त्याचा पहिला वापर भगवंतांनी करावा म्हणून बोलावलं. ते रात्री उशिरापर्यंत बोलले. मग आनंदाला म्हणाले की पुढचं तू सांग, माझी पाठ दुखतेय, मी जरा आडवा होतो. संघाटीची चार पदरी घडी करून उजव्या कुशीवर पडले. आनंद बोलला. तो संपल्यावर ते उठले आणि म्हणाले, छान सांगितलंस. पावा गावी मल्लांच्या सभागृहातही असंच झालं, तिथे सारिपुत्ताला पुढे केलं. दोन्ही ठिकाणी, भगवंतांना इतका वेळ बसता येईना, असं कुणी मागून म्हटल्याची नोंद नाही.

पाठ दुखते असं शास्त्याने भरसभेत सांगितलं. त्यातून त्याचा अधिकार कमी झाला नाही, आणि सभाही मोडली नाही, कारण आनंद तयार होता. आमच्याकडे नऊ वर्षांत असा आनंद तयार झाला नाही. मी होऊ दिला नाही, हेच खरं. किल्ली माझ्याकडे, वर्गणीची वही माझ्याकडे, माइक माझ्याकडे. सगळं एका कंबरेवर. ती कंबर मोडली की कार्यक्रम मोडणार, आणि मग कंबर मोडणाऱ्याला दोष. तालुक्या-तालुक्यात किती चांगली माणसं अशी एकट्याच्या खांद्यावर शाखा वाहून पन्नाशीच्या आत संपली, हे तुमच्या गावात बघा. ती संपल्यावर आपण त्यांच्या फोटोला हार घालतो.

प्रवासाचं मात्र सांगितलं पाहिजे. डॉक्टर म्हणतात वाकू नका, उचलू नका, प्रवास टाळा. आणि मी रजेवर आहे याचा दाखला घ्यायला मला ठरावीक दिवसांनी दौंडहून शिरूरच्या बाजूला जावं लागतं. दौंड ते चौफुला, चौफुल्याहून न्हावरा, पुढे शिरूर. एस.टी.त मी बसत नाही, मागच्या दाराजवळ दांडा धरून उभा राहतो. उसाच्या ट्रॉल्या पुढे असल्या की गाडी हळू चालते, तेव्हा मला बरं वाटतं, बाकीचे लोक वैतागतात. पारगावच्या पुढे भीमेचा पूल ओलांडला की अर्धं झालं असं मनाशी म्हणतो. दाखला हातात पडतो तेव्हा दाखल्यावर लिहिलंय त्यापेक्षा मी जास्त आजारी असतो.

कारेगावची खोली मी अजून सोडलेली नाही. भाडं ३,५०० रुपये. हातात येतात ते अकरा हजारांच्या आत. बायको म्हणते सोडून द्या. पण खोली सोडली तर नोकरी सोडली असं होईल, असं मला वाटतं. खोलीत एक गादी, एक स्टोव्ह आणि कामाचे बूट आहेत.

आता मुख्य अडचण. मणक्यातली गादी सरकणं हे ई.एस.आय.च्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. ९१ दिवस संपल्यावर त्याला पुढे दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळू शकतात. अट अशी की दोन वर्षं सलग नोकरी हवी आणि त्यात ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली हवी. मी सहा वर्षं एकाच मशीनवर आहे. पण मधे ठेकेदार दोनदा बदलला. मशीन तेच, शिफ्ट तीच, सुपरवायझर तोच. दरवेळी नवा विमा क्रमांक काढला गेला, जुना तसाच पडून राहिला. त्यामुळे कागदावर मी चौदा महिन्यांचा कामगार आहे. माझी कंबर सहा वर्षांची, माझी नोकरी चौदा महिन्यांची. विमा क्रमांक खरं तर जन्मभर एकच असायला हवा. जुने क्रमांक जोडून घ्यायचा अर्ज मी केला आहे. १६ मेच्या आत झालं तर ठीक, नाही तर १७ तारखेला मला बावीस किलोच्या तुकड्यासमोर उभं राहावं लागेल किंवा राजीनाम्याच्या कागदावर सही करावी लागेल. तो कागद ठेकेदाराने तयार ठेवलाय, फोनवर तसं सांगितलंसुद्धा.

परत ९ एप्रिलकडे. मी भिंतीशी पडलो तेव्हा माझं पुस्तक सतरंजीवर उघडंच होतं. पहिल्या ओळीत बसलेली बारावीची एक मुलगी उठली, ते तिने उचललं आणि मी जिथे थांबलो होतो तिथून मोठ्याने वाचायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आवाज अगदी बारीक, दोन ठिकाणी अडखळली. मग बाकीची पोरं तिच्याभोवती सरकली. मला झोप लागली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा सलग दोन तास झोपलो. उठलो तेव्हा चहा होऊन गेला होता आणि वर्गणीची वही दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होती.

रांजणगाव, कारेगाव किंवा कुरकुंभला ठेकेदारीत काम करणाऱ्या ज्यांचे विमा क्रमांक असेच बदलले गेलेत, त्यांनी जुन्या पगारपावत्या, जुनी गेटपासं, जे काही असेल ते फेकू नका. आतापर्यंत सहाजण सापडलेत. सगळ्यांचे अर्ज ती मुलगीच मोबाइलवर भरून देतेय, तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं. रविवारी सकाळी दहानंतर आम्ही विहारात असतो. मी आडवा असेन, पण जागा असेन.